शिशाला उंबऱ्याबाहेर ठेवू या

दसरा झाला की घरोघरी साफसफाई निघते. खिडक्या-दारांचा जुना रंग पॉलिश पेपरने घासायचा आणि त्यावर नवा हात मारायचा, हा दिवाळीआधीचा नेहमीचा उद्योग. त्या घासण्यातून उडणारी भुकटी जुन्या ऑइलपेंटची असेल, तर तिच्यात शिसे असण्याची दाट शक्यता असते. ती फरशीवर बसते, रांगणारे मूल तिथेच हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. प्रदूषण म्हटले की आपल्याला कारखान्यांची धुराडी आठवतात. शिसे मात्र रंग, मसाला, भांडी अशा रोजच्या वस्तूंतून घरात येते.

शरीराला शिशाची कणभरही गरज नाही. तरीही शरीर त्याला कॅल्शियम समजून आत घेते आणि हाडांत साठवते. तिथे ते वर्षानुवर्षे राहते आणि गर्भारपणात हाडांतून सुटून बाळापर्यंत पोहोचते. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मुले मोठ्यांच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेतात आणि नेमका त्याच वयात मेंदू घडत असतो. बुद्धीची वाढ खुंटते, लक्ष टिकत नाही, रक्त कमी होते. मोठ्यांमध्ये रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांना इजा होते. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात, डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे. त्यांतली साडेसत्तावीस कोटी मुले भारतातली आहेत.

रंग

घरगुती रंगात दहा लाख भागांमागे ९० भागांहून जास्त शिसे नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगांबाबत, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या ऑइलपेंटबाबत, सावध राहिलेले बरे. असा रंग कोरडा घासू नये. पृष्ठभाग ओला करून घासावा. काम चालू असेपर्यंत मुलांना आणि गरोदर बाईला तिथून दूर ठेवावे. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे, कारण झाडूने धूळ पुन्हा हवेत उडते. रंगकाम किंवा बॅटरीदुरुस्ती करणाऱ्यांनी कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत.

हळद

हळकुंडे जास्त पिवळीधमक दिसावीत म्हणून काही ठिकाणी त्यांवर लेड क्रोमेट चोळतात. त्यात शिसेही असते आणि क्रोमियमही. बांगलादेशात ही खोड १९८० च्या दशकात लागली. पुरात भिजून काळवंडलेली हळद खपवण्यासाठी ती सुरू झाली. रंग हळकुंडावरच चढवलेला असतो, त्यामुळे अख्खे हळकुंड घेतले म्हणजे निर्धास्त झालो, असे नाही. झळाळणारे पॉलिशचे हळकुंड टाळून मळकट दिसणारे, बिनपॉलिशचे घ्यावे, धुऊन कडक उन्हात वाळवावे आणि दळून आणावे. सुटी, भडक पिवळी पूड नकोच. वाटीभर पाण्यात हळद टाकून शिशाची खात्री होत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते.

भांडी, शेंदूर आणि फटाके

पितळेच्या भांड्याला कल्हई शुद्ध कथलाचीच हवी. कथलात स्वस्त शिसे मिसळले, तर तेच आमटीत उतरते. डाग दिलेल्या भांड्यात चिंच, टोमॅटो, ताक यांसारखे आंबट ठेवू नये. भंगार वितळवून ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांतही शिसे सापडले आहे. स्टेनलेस स्टील त्याहून सुरक्षित.

मारुतीला आणि गणपतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच ऑक्साइड. श्रद्धेने लावावा, पण नंतर हात साबणाने धुवावेत. तान्ह्या बाळाच्या कपाळाला तो लावू नये. फटाक्यांत शिसे, पारा, आर्सेनिक, अँटिमनी आणि लिथियम वापरण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मनाई केली. बेनामी, स्वस्त फटाक्यांत काय भरले आहे, हे कोण सांगणार? मुलांना ते देऊच नयेत.

ताटातले संरक्षण

उपाशीपोटी शिसे जास्त शोषले जाते. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलांतही तसेच होते. म्हणून मुलांना वेळेवर खाऊ घालावे आणि नाचणी, दूध, तीळ, पालेभाज्या, कडधान्ये आलटून पालटून द्यावीत. शंका असेल तर डॉक्टरांना विचारून रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी. आत शिरलेले शिसे काढणारी औषधे आहेत, पण ती गंभीर विषबाधेसाठी. मेंदूचे झालेले नुकसान ती भरून काढत नाहीत. म्हणूनच शिसे आत येऊ न देणे हाच खरा उपाय.

ते एकट्या घराचे काम नाही. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, ते सरकारी निर्णयाने. बांगलादेशात २०१९ मध्ये संशोधकांनी हळदीतले शिसे उघड केले. सरकारने बाजारात तपासणी केली, व्यापाऱ्यांना दंड ठोठावला आणि लोकांना जागे केले. त्या वर्षी बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात ते सापडले नाही. जे ढाक्याला दोन वर्षांत जमले, ते हळदीची मोठी पेठ असलेल्या सांगलीला आणि महाराष्ट्राला न जमण्याचे काहीच कारण नाही. बाजार समित्यांत नियमित तपासणी आणि मुलांच्या रक्ततपासणीची सोय आपण हक्काने मागितली पाहिजे.