सापांचा राजा अहिराज

मागच्या पावसाळ्यात, ऐन सबमिशनच्या आदल्या रात्री, आमच्या होस्टेलच्या मागच्या भिंतीजवळ एक साप निघाला. अंगावर काळे-पिवळे जाड पट्टे, जणू कुणी इन्सुलेशन टेप गुंडाळलीय! कुणी झाडू आणला, कुणी बादली. अस्मादिकांनी कट्ट्यावर चढून किंचाळण्याची जबाबदारी घेतली. तेवढ्यात मेसचे काका धावत आले.

"मारू नका पोरीहो, अहिराज आहे तो! तो राहते तिथं दुसरे साप राहत नाही."

काकांनी हात जोडले आणि मग सर्पमित्राला फोन लावला.

मी पडले कॉन्व्हेंटची. शाळेच्या चॅपलमध्ये घोड्यावरचा सेंट जॉर्ज ड्रॅगनला भाल्याने मारतोय असं मोठं चित्र होतं. त्यामुळे सापाला मारतो तो हीरो, एवढंच डोक्यात पक्कं. सापाला राजा म्हणून सोडून द्यायचं, हे नवीनच होतं. म्हणून थोडी शोधाशोध केली, ती तुमच्यापुढे मांडते.

अहिराज म्हणजे पट्टेरी मण्यार. 'अहि' म्हणजे साप, त्यांचा राजा. आपल्या पूर्वेला छत्तीसगडची हद्द, आणि हे नाव त्या बाजूला घरोघरी माहीत आहे. हा साप मुख्यतः दुसरे सापच खातो. म्हणजे काकांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. दिवसा त्याला डिवचलं तरी तो बहुधा वेटोळ्यात डोकं लपवतो, म्हणून 'राजा कुणाला चावत नाही' असंही लोक म्हणतात. शेपटीचं टोक बोथट असल्याने काही जण त्याला दुतोंड्याही समजतात. लोकांनी पाहिलं ते खरं, गोष्ट त्यावर नंतर चढली.

गंमत म्हणजे असा राजा फक्त आपल्याकडेच नाही. तिकडे युरोपात, बेलारूसच्या लोककथांतही सापांचा राजा आहे, आणि त्याच्या डोक्यावर सोन्याची शिंगं! त्याच्यापुढे स्वच्छ कापड अंथरलं तर तो शिंग टाकून जातो आणि माणसाचं भाग्य उजळतं. आपल्या नागमण्याचा हा चुलतभाऊच म्हणायचा. तिथल्या बिनविषारी पाणसापाच्या मानेवर दोन पिवळे ठिपके असतात, सोन्याच्या मुकुटाची कल्पना त्यावरूनच सुचली असावी. त्यांच्याकडे 'त्स्मोक' नावाचा ड्रॅगनही आहे. लेपेल गावात तळ्याकाठी 2013 साली त्याचा पुतळा बसवला. आपण तरी कुठे मागे आहोत? नागझिऱ्याच्या नावातच नाग आहे. जंगलातलं नागाचं देऊळ आणि बारमाही पाण्याचा झिरा, त्यावरून ते नाव पडलं असं सांगतात.

इथपर्यंत सगळं छान. पण अहिराजाच्या गोष्टीत एक धोका लपला आहे. राजा सहसा चावत नाही हे खरं, पण तो बिनविषारी नाही. त्याच्या विषाने श्वास बंद पडू शकतो. आपल्या दवाखान्यातली सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून बनते. त्या चारांतला मण्यार म्हणजे साधा मण्यार, पट्टेरी नव्हे! तेव्हा राजाला नमस्कार करावा, पण लांबूनच.

आणि खरी भीती आहे ती या राजाच्या भावाची, साध्या मण्यारची. काळाभोर, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे. हा रात्री उंदरांच्या मागे घरात शिरतो आणि खाली झोपलेल्या माणसाला चावतो. दंश इतका हलका की झोपही मोडत नाही. माझ्या मामाच्या गावी धानाच्या रोवणीला आलेल्या एका बाईंचं असंच झालं. पहाटे पोट दुखायला लागलं. सगळे म्हणाले, अपचन. मग पापण्या मिटायला लागल्या. सगळे म्हणाले, झोप झाली नाही. कुणी म्हणालं, बाहेरची बाधा. झाडफुंकीत दोन तास गेले. शेवटी मामाने गाडीत घालून गोंदियाला आणलं. चार दिवस व्हेंटिलेटर, आणि त्या वाचल्या. पण सगळ्यांनाच मामा नसतो. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला अंदाजे 58 हजार!

म्हणून मित्रमैत्रिणींनो, पावसाळ्यात खाली झोपू नका. पलंगावर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. रात्री बाहेर जाताना टॉर्च घ्या. रूममध्ये खाऊ उघडा ठेवू नका. खाऊमागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप. दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. हात-पाय हलू न देता 108 ला फोन करा आणि सरळ दवाखाना गाठा. पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या एकत्र दिसल्या, तर दंशाची खूण शोधत बसू नका.

त्या रात्री सर्पमित्राने अहिराजाला पिशवीत घेतलं आणि वनविभागाला कळवून जंगलात सोडलं. सेंट जॉर्जची गरज पडली नाही. काकांच्या त्या गोष्टीमुळे एक साप वाचला. आता तुम्ही ही गोष्ट पूर्ण सांगितलीत, तर कदाचित एखादा माणूसही वाचेल.