दिल्लीचं भांडण, बाळापूरचं रण: १७२० च्या लढाईत मराठे कुणासाठी लढले?

अकोल्याहून खामगावकडे निघालं की बाळापूर लागतं. इथं बघायला काय आहे, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. छत्री सतराव्या शतकातली, तर किल्ला पूर्ण झाला १७५७ मध्ये. या दोन्हींच्या मधल्या काळात, ऑगस्ट १७२० मध्ये, बाळापूरजवळ एक मोठी लढाई झाली. तिची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही.

या लढाईत मराठेही पडले. पण भांडण त्यांचं नव्हतंच, ते होतं दिल्लीचं.

मराठे यात आले कसे?

तेव्हा दिल्लीत सय्यद बंधूंची चलती होती. बादशहा बसवायचा आणि उतरवायचा, सगळं त्यांच्या हातात. धाकटा हुसेन अली हा दख्खनचा सुभेदार. १७१८ मध्ये त्याने छत्रपती शाहूंशी करार केला. दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांना मिळणार, बदल्यात मराठ्यांनी १५ हजार स्वार मदतीला द्यायचे.

पेशवे बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन दिल्लीला गेले. तिथं फेब्रुवारी १७१९ मध्ये दंगल उसळली आणि दीड हजारांच्या आसपास मराठे मारले गेले. त्यानंतर सनदा हाती आल्या आणि महाराणी येसूबाईंची सुटकाही झाली. म्हणजे कराराची पहिली किंमत दिल्लीच्या रस्त्यावर मोजली गेली, दुसरी बाळापुरात मोजायची होती.

बाळापुरात काय घडलं?

१७२० मध्ये निजाम-उल-मुल्क सय्यदांच्या विरोधात उठला. नर्मदा ओलांडून त्याने असीरगड आणि बुऱ्हाणपूर घेतलं. सय्यदांनी पाठवलेल्या दिलावर अलीला जूनमध्ये हरवलं. आता त्याच्यासमोर होता आलम अली खान, हुसेन अलीचा विशीतला पुतण्या.

मराठे करारानुसार आलम अलीच्या बाजूने उतरले. मराठा सरदारांचं म्हणणं असं होतं की समोरासमोर भिडू नका. गनिमी काव्याने शत्रूची रसद तोडू, त्याला दमवू आणि हुसेन अली दिल्लीहून येईपर्यंत थांबू. आलम अलीला हे पळपुटेपणाचं वाटलं. त्याने ऐन पावसाळ्यात लढाई दिली. निजामाच्या तोफांपुढे सैन्य कोसळलं आणि आलम अली ठार झाला. मराठ्यांच्या वतीने त्याच्यासोबत असलेले शंकराजी मल्हार जखमी होऊन कैद झाले आणि पुढे वारले. दमाजी गायकवाडांनी पराक्रम गाजवला, त्यांना 'समशेर बहादूर' किताब मिळाला. बडोद्याच्या गायकवाड घराण्याची सुरुवात याच दमाजींपासून होते.

मग मिळालं काय?

ज्याच्यासाठी ही लढाई झाली, त्या हुसेन अलीचा दोनच महिन्यांत खून झाला. १७२४ मध्ये आपल्याच वऱ्हाडात साखरखेर्ड्याला निजाम मुबारिझ खानाशी लढला. तेव्हा मराठे होते निजामाच्या बाजूने! आणि १७२८ मध्ये पालखेडला बाजीराव पेशवे पुन्हा निजामाविरुद्ध उभे ठाकले. तिथं त्यांनी निजामाच्या तोफांसमोर जायचं टाळलं आणि त्याला पळवून पळवून, रसद तोडून कोंडीत पकडलं. मुंगी-शेवगावच्या तहात निजामाला चौथाई-सरदेशमुखी मान्य करावी लागली.

आता नीट बघा. ज्या हक्कासाठी माणसं बाळापुरात पडली, तो हक्क पालखेडला मिळाला. आणि मिळाला तो बाळापुरात नाकारलेल्या पद्धतीने.

प्रश्न विचारला तर अपमान होतो का?

लांबच्या युद्धात माणसं पडली की आजही सोशल मीडियावर हाच वाद पेटतो. एक म्हणतो, "आधी श्रद्धांजली द्या, प्रश्न नंतर." दुसरा फक्त चुकाच मोजत बसतो. बाळापूर सांगतं की दोन्ही एकत्र करता येतं. तिथल्या स्वारांच्या शौर्यात काही कमी नव्हतं. चूक होती ती हुकूम देणाऱ्याच्या घाईची.

इतिहासात नावं उरली ती सरदारांची. साध्या स्वाराच्या घरी मात्र दसऱ्याला एक घोडं आणि एक माणूस परत आलं नाही. त्याच्यासाठी दोन फुलं वाहायची असतील, तर 'त्याला तिथं कुणी आणि कशासाठी पाठवलं' हेही विचारायला हवं. पुढच्या वेळी बाळापूरला गेलात तर छत्री बघाच. फक्त या माणसांसाठी इथं कुणी छत्री बांधली नाही, हेही लक्षात असू द्या.