फंक्शन समोर, तरी लिंकरला सापडेना

नागापूरच्या एमआयडीसीत काय किंवा दुसऱ्या कुठल्या औद्योगिक वसाहतीत काय, मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हमध्ये बहुधा सी भाषेतला प्रोग्राम असतो. तो वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतो. मग कंपायलरची नवी आवृत्ती येते आणि कोडची एक ओळही न बदलता बिल्ड अडते : 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. फंक्शन तर हेडर फाइलमध्ये ढळढळीत दिसत असते!

कंपायलर प्रत्येक फाइल वेगळी हाताळतो. तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइली लिंकर जोडतो. 'इनलाइन' फंक्शनचा मजकूर हाक मारली तिथेच उतरवता येतो. पण कंपायलरने तो उतरवला नाही, तर फंक्शनची स्वतंत्र प्रत लागते. ती कुठे ठेवायची, यावरच सारा घोळ आहे.

जीसीसी या कंपायलरच्या जुन्या पद्धतीत नुसते 'इनलाइन' लिहिले की प्रत ऑब्जेक्ट फाइलमध्ये यायची. 'एक्स्टर्न इनलाइन' लिहिले की यायची नाही. १९९९ च्या सी मानकाने हे नेमके उलटे केले. तरीही जीसीसी मुळात जुन्याच नियमाने चालत राहिला. २०१५ मध्ये जीसीसी ५ आला आणि मूळ नियमच बदलला. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने नवा नियम आधीच धरला होता.

वर्ग काढणारे छोटे 'इनलाइन' फंक्शन हेडरमध्ये ठेवून दोन सी फाइलींत वापरून पाहावे. जुन्या नियमाने दोन्हींत प्रती येतात आणि लिंकर 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणतो. नव्या नियमाने ऑप्टिमायझेशन बंद असेल तर एकही प्रत नसते. 'एनएम' आज्ञा त्या नावापुढे 'यू' दाखवते, म्हणजे व्याख्या इथे नाही. ऑप्टिमायझेशनचा 'ओ-२' पर्याय लावला की मजकूर जागीच उतरतो आणि चूक दिसेनाशी होते. हेच सर्वांत घातक, कारण दोष जागेवरच असतो. सी प्लस प्लसमध्ये मात्र लिंकर अनेक प्रतींतून एकच ठेवतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

 

जुन्या कोडसाठी जुनाच नियम लागू करणारा 'एफ-जीएनयू८९-इनलाइन' हा पर्याय आहे. नवे कोड लिहिताना 'स्टॅटिक इनलाइन' बिनधोक. मात्र प्रत्येक फाइलमध्ये वेगळी प्रत येऊ शकते आणि छोट्या मायक्रोकंट्रोलरची फ्लॅश मेमरी खाते. तिथे व्याख्या हेडरमध्ये ठेवून एकाच सी फाइलमध्ये 'एक्स्टर्न इनलाइन' अशी घोषणा करणे चांगले.