कुंडीतील जुनी माती : टाकावी की सुधारावी?

जून महिन्यात शाळा उघडतात तेव्हा पुष्कळ शाळांच्या व्हरांड्यात गतवर्षीच्या कुंड्या तशाच उभ्या असतात. रोपे वाळून गेलेली असतात. माती कडेपासून सुटून खाली बसलेली व दगडासारखी कठीण झालेली असते. 'ही माती मेली' असे म्हणून ती कुंपणापलीकडे ओतावयाची आणि मुलांच्या हाती घमेली देऊन जवळच्या शेतातून नवी माती आणवावयाची, असा प्रघात अनेक ठिकाणी आढळतो. तो दोन कारणांसाठी सोडावयास हवा. शेताच्या वरच्या थरातील माती हे शेतकऱ्याचे भांडवल होय. बोटभर जाडीचा थर तयार होण्यास शतके लागतात. दुसरे असे की, माती ही वापरून फेकून देण्याची वस्तू आहे, असा चुकीचा धडा मुले या कृतीतून नकळत शिकतात.

माती संपते काय?

या प्रश्नाशी निगडित असा एक प्रसिद्ध प्रयोग कुंडीतच झालेला आहे. ब्रुसेल्स येथील व्हान हेलमाँट या वैद्याने भट्टीत वाळविलेली २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो, माती एका मोठ्या कुंडीत भरली व तीत ५ पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले. पाच वर्षे त्यास केवळ पाणी घातले. अखेरीस झाडाचे वजन सुमारे १६९ पौंड भरले. माती मात्र पुन्हा वाळवून तोलली असता अवघी सुमारे २ औंस घटलेली दिसली. हा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. झाड सर्वस्वी पाण्यापासून बनते, हा त्याचा निष्कर्ष बरोबर नव्हता. वनस्पती आपल्या देहाचा मोठा भाग हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून घडवितात, हे पुढे सिद्ध झाले. तथापि झाड माती खाऊन वाढत नाही, ही गोष्ट त्या वजनांवरून स्पष्ट होते. मातीतून झाड नत्र, स्फुरद, पालाश इत्यादी द्रव्ये घेते. ती थोडी असली तरी त्यांवाचून त्याचे चालत नाही.

मग कुंडीतील माती खाली का बसते? तिच्यातील शेणखत व पालापाचोळा यांचे सूक्ष्म जीव विघटन करतात आणि त्यांचा बराच भाग वायुरूपाने निघून जातो. रोजच्या पाण्याने मातीचे कण दाटून बसतात व विरघळलेले नत्र तळाच्या छिद्रावाटे वाहून जाते. विहिरीचे किंवा विंधनविहिरीचे पाणी क्षारयुक्त असल्यास ते क्षार मात्र साचून कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. तात्पर्य, जुनी माती मेलेली नसते. ती दाटलेली, भुकेलेली व काही वेळा खारावलेली असते. या तिन्ही दोषांवर शाळेत उपाय करता येतो.

प्रथम मुळे पाहावीत

माती पुन्हा वापरण्यापूर्वी कुंडी उपडी करून मुळांची तपासणी करावी. कुंड्यांखाली विंचू असण्याचा संभव असतो. म्हणून त्या शिक्षकांनी स्वतः काठीने कलत्या करून पाहाव्यात व मगच मुलांना जवळ येऊ द्यावे. रोप भर पाण्यात अकस्मात कोमेजून मेले असेल, किंवा मुळे काळी पडून कुजलेली असतील, तर मातीत रोग आहे असे समजावे. वांगी, टोमॅटो, भेंडी यांच्या मुळांवर गाठी दिसल्यास तो सूत्रकृमींचा उपद्रव असतो.

येथे एक गफलत टाळावी. चवळी, मेथी यांसारख्या शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरही गाठी असतात. परंतु त्या उपकारक जिवाणूंच्या होत. त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असून बोटाने सहज सुटतात आणि जिवंत असताना फोडल्यास आत गुलाबी दिसतात. सूत्रकृमींच्या गाठी म्हणजे फुगलेले मूळच असते. त्या सुटत नाहीत.

रोगट माती इतर मातीत मिसळू नये. एप्रिल-मे महिन्यांत ती उघड्यावर वीतभर जाडीने पसरावी, पाण्याने चांगली भिजवावी व पातळ, पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाने झाकून कडा मातीने दाबून टाकाव्यात. चार ते सहा आठवड्यांच्या उन्हाने अनेक रोगजंतू व सूत्रकृमी मरतात. ते समूळ नष्ट होतातच असे नाही. म्हणून अशा मातीत त्या वर्षी भाजी न लावता झेंडू लावावा.

माती सुधारण्याची रीत

निरोगी माती थोडी शिंपडून ओलसर करावी, म्हणजे धूळ उडत नाही. ढेकळे फोडून ती मोठ्या चाळणीने चाळावी. निघालेली निरोगी मुळे खताच्या खड्ड्यात टाकावीत. काठावर पांढरा थर असेल तर तो खरवडून टाकावा आणि मातीतून पावसाचे किंवा गोडे पाणी दोन-तीन वेळा भरपूर जाऊ द्यावे. त्यानंतर दोन घमेली जुन्या मातीस एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. माती चिकण काळी असल्यास अर्धे घमेले जाड वाळू घालावी. समुद्रकाठची वाळू खारट असल्याने घेऊ नये. मिळाल्यास प्रत्येक कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड घालावी. ताजे शेण कधीही घालू नये. ते कुजताना मुळांस इजा होते आणि त्यातून हुमणी येण्याचा धोका असतो. काळसर, भुसभुशीत व शेणाचा वास न येणारे खत तयार झाले असे समजावे.

हे मिश्रण ओलसर ठेवून सावलीत गोणपाटाखाली आठ-दहा दिवस राहू द्यावे. कुंड्या घासून धुवून उन्हात वाळवाव्यात. तळाच्या छिद्रावर खापरीचा एक तुकडा पुरतो. खडीचा जाड थर देण्याने निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा कमी होते. भरताना काठापासून दोन बोटे जागा पाण्यासाठी सोडावी. काम संपताच मुलांनी साबणाने हात धुवावेत.

पिकांची अदलाबदल

वांगी, टोमॅटो, मिरची व बटाटा ही एकाच कुळातील पिके आहेत. त्यांपैकी एक काढल्यावर त्याच मातीत दुसरे लावल्यास रोग कायम राहतात. त्यांच्यानंतर मेथी किंवा चवळी घ्यावी. हे पीक काढताना रोप न उपटता जमिनीलगत कापावे, म्हणजे मुळे मातीतच कुजून पुढील पिकास उपयोगी पडतात. त्यानंतर पालक किंवा लाल माठ लावावा. ही भाजी शालेय पोषण आहारातही उपयोगी पडते.

वर्गातील उपयोग

एका कुंडीत न सुधारलेली व दुसऱ्या कुंडीत सुधारलेली निरोगी माती भरावी. दोहोंत एकाच दिवशी मेथीचे मोजून वीस दाणे पेरावेत व सारखेच पाणी द्यावे. किती दाणे उगवले, दर आठवड्यास उंची किती वाढली, याची नोंद मुलांनी तक्त्यावर करावी. यातून मापन, सरासरी व आलेख यांचे पाठ आपोआप होतात. मिश्रण करताना गुणोत्तरही हाती येते. शिक्षकांनी निष्कर्ष आधी सांगू नये. तो मुलांनीच तक्त्यावरून काढावा.

हे काम दोन टप्प्यांत वाटून घेणे सोयीचे होईल. वार्षिक परीक्षा संपताच मुळांची तपासणी करून रोगट माती झाकून ठेवावी. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात उरलेली माती चाळून व खत मिसळून ठेवावी. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पेरणी करता येईल आणि शेतातून एकही घमेले माती आणावी लागणार नाही.