करवीरच्या रंगमंदिराचा जीर्णोद्धार

परगांवचा मनुष्य आमच्या करवीर नगरीची ओळख महालक्ष्मीचें देऊळ, रंकाळा आणि गूळ एवढ्या तीन शब्दांत सांगून मोकळा होतो. आम्हां रहिवाशांस मात्र ती खासबागेच्या परिसरांत गवसते. राजर्षि शाहू महाराजांनीं १९१२ सालीं तेथें कुस्त्यांचें मैदान उभारलें आणि १९१५ सालीं त्यास लागूनच ‘पॅलेस थिएटर’ बांधलें. एकीकडे मल्लांचे शड्डू, दुसरीकडे नांदीचे सूर, असा शेजार अन्यत्र विरळा. पुढें या नाट्यगृहास याच गांवचे गायकनट केशवराव भोसले यांचें नांव मिळालें.

तें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें; दुसरा दिवस केशवरावांच्या जयंतीचा! त्यानंतर सरकारनें पुनर्बांधणी मनावर घेतली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु जीर्णोद्धार म्हणजे केवळ दगडावर दगड रचणें नव्हे. देवळांत मूर्ति बसविली तरी प्राणप्रतिष्ठेवांचून तिला देवत्व येत नाहीं. रंगमंदिराची प्राणप्रतिष्ठा प्रयोगांनीं होते. भाडें इतकें चढलें कीं गांवच्या हौशी मंडळींस तेथें पाऊल ठेववेना, किंवा तिकीट इतकें महागलें कीं सामान्य कुटुंबानें दारावरूनच परतावें, तर वास्तु कितीही देखणी असो, ती आमची राहणार नाहीं.

दिवे, यंत्रें, खुर्च्या अवश्य नव्या असाव्या. दरवाजा मात्र सर्वांस उघडा असावा, एवढेंच आमचें मागणें आहे. आणि वाचकहो, त्या दारांतून मुलाबाळांसह आंत जाणें, हें काम सरकारचें नसून आपलें आहे.