नाव टाक्याजवळच का तडकते?



सातनाला तलाव असो की पैनगंगेचा डोह, पत्र्याची नाव वापरणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली: "मागच्या वर्षी वेल्डिंग केलं, यंदा तिथंच तडकली." दोष वेल्डरच्या माथी जातो. पण चांगल्या टाक्यातही एक ताण लपलेला असतो. तो आपण समजून घेऊ.

वेल्डिंगचा टाका थंड होताना आकसतो. बाजूचा थंड पत्रा त्याला आकसू देत नाही. मग तो ताणलेल्या दोरासारखा कायमचा ओढीत राहतो. साधं लोखंड दर चौरस मिलिमीटरला साधारण २५ किलो ओढ सोसतं, त्यापुढं ते कायमचं लांबतं. टाक्याजवळचा लपलेला ताण या मर्यादेपर्यंत जाऊ शकतो. नाव पाण्यात उतरायच्या आधीच!

त्यावर लाटांचे हिसके. दर तीन सेकंदांना एक हिसका, रोज चार तास, वर्षाला २०० दिवस असं धरलं, तर ९ लाख ६० हजार हिसके झाले. तार एकदा वाकवून तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. तसंच हे. चीर बहुतेकदा टाका पत्र्याला मिळतो त्या कडेलाच धरते. म्हणून नुसतं जास्त मजबूत लोखंड आणून भागत नाही, टाक्याची कड तीच राहते.

एवढासा टाका काय करतो, ते समुद्रात दिसलं. २७ मार्च १९८० ला नॉर्वेजवळच्या उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर एल. किलँड' हा तरंगता तळ उलटला. तेलक्षेत्रातले कामगार त्यावर राहायचे. २१२ पैकी १२३ माणसं गेली. पाण्याखालचा आवाज टिपणारं एक यंत्र बसवायला त्याच्या एका मोठ्या आधारनळीवर आधार जोडला होता, फक्त ६ मिलिमीटरच्या टाक्यानं. तिथूनच चीर वाढली, नळी तुटली, मग बाकीच्याही तुटल्या आणि एक पायच निघाला. चौकशीत चिरेच्या आत रंग सापडला. म्हणजे रंग दिला तेव्हाही चीर होतीच!

आपण काय करायचं?

🔹 कडी, हूक, दिव्याची पट्टी अशा बारीक वस्तू इंजिनच्या ब्रॅकेटवर किंवा मुख्य अँगलवर वेल्ड करू नका. कमी जोर येतो तिथं लावा.
🔹 टाक्याची कड ग्राइंडरनं गुळगुळीत करून घ्या, पण पत्रा पातळ करू नका.
🔹 गरम टाक्यावर पाणी ओतू नका.
🔹 चिरेवर नुसता वरून टाका मारू नका. आधी चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा, चीर मुळापर्यंत घासून काढा, मगच वेल्डिंग.
🔹 रंग देण्याआधी टाक्यांच्या कडा घासून उजेडात बघा. तांबेऱ्याची बारीक रेघ दिसली तर थांबा. आरपार चीर शोधायची तर एका बाजूला खडू फासा, दुसरीकडून रॉकेल लावा. खडू ओला झाला की समजा, चीर आहे. वेल्डिंगआधी रॉकेल नीट पुसून वाळू द्या, पेट्रोलची टाकी दूर ठेवा.

नावेत आपलीच लेकरं-माणसं बसतात. रंगाचा डबा उघडायच्या आधी अर्धा तास टाके तपासायला द्या.

पोस्ट आपल्या वेल्डरलाही वाचून दाखवा. 🙏