बीज आधी की अंकुर? : महामार्गावरचं जलद चार्जिंग आणि अहमदपूर

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं चार्जिंग स्टेशनवर काय बोलायचं, असं तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात आलंच असेल. माझं उत्तर एवढंच, की हा प्रश्न वरून विजेचा दिसतो, आतून तो भरवशाचा आहे. आणि भरवसा कशानं तयार होतो, कशानं मोडतो, हा आमच्या विषयाचा फार जुना प्रश्न आहे.

आधी आपण कुठं बसलोय ते बघू. लातूर ते नांदेड साधारण १४० किलोमीटर, आणि अहमदपूर जवळपास मधोमध. राष्ट्रीय महामार्ग ३६१ तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा पुढं यवतमाळ, वर्ध्याकडं जातो. औसा-चाकूर, चाकूर-लोहा, लोहा-वारंगा अशा टप्प्यांत त्याचं चौपदरीकरण झालं. रस्ता चांगला झाला की प्रवास सोपा होतो, पण मधल्या गावांचं एक नुकसान होतं. पूर्वी चहाला थांबणारा माणूस आता थेट नांदेडला जाऊन चहा पितो. इलेक्ट्रिक गाडीचं मात्र उलटं आहे. लांबच्या प्रवासात तिला मध्ये थांबावंच लागतं, वीस मिनिटं, कधी चाळीस मिनिटं. ती कुठं थांबणार, हे आता ठरतंय. म्हणून हा विषय पुण्या-मुंबईपेक्षा आपल्यासारख्या गावाला जास्त जवळचा आहे.

आता जलद चार्जिंग म्हणजे नेमकं काय ते समजून घेऊ. एक किलोवॅटचं यंत्र एक तास चाललं की एक युनिट होतं, हे आपल्या वीजबिलामुळं सगळ्यांना माहीत आहे. मध्यम गाडी एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते असं धरा. लातूर-नांदेडला वीस युनिट लागतील. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तीन किलोवॅट मिळतात, म्हणजे वीस युनिटला जवळपास सात तास. ६० किलोवॅटच्या यंत्रावर हिशेबानं तेच काम वीस मिनिटांत होतं.

हा फरक का पडतो? बॅटरी फक्त डीसी वीज साठवते आणि घरात येते ती एसी. घरी चार्ज करताना एसीची डीसी करण्याचं काम गाडीतला छोटा चार्जर करतो, आणि छोटा असल्यामुळं सावकाश करतो. जलद चार्जिंगमध्ये हे रूपांतर बाहेरच्या मोठ्या यंत्रात होतं आणि वीज थेट बॅटरीत जाते. तरी एक मर्यादा राहतेच. यंत्र कितीही मोठं असलं तरी बॅटरी जेवढं घेऊ शकते तेवढंच घेते. आणि ८० टक्क्यांच्या पुढं तर ती फारच सावकाश घेते. एसटीत पहिले तीस प्रवासी पटापट बसतात, शेवटच्या पाचांना जागा शोधत फिरावं लागतं, तसं लिथियमच्या कणांचं होतं. जबरदस्तीनं कोंबलं तर बॅटरी खराब होते. म्हणून शहाणा माणूस ८० टक्क्यांवर गन काढतो आणि पुढच्याला जागा देतो. शेवटच्या २० टक्क्यांसाठी अडून बसणं म्हणजे पाणवठ्यावर घागर भरल्यावरही कडेला भांडी घासत बसणं.

ही वीज येते कुठून? शेतकऱ्याला समजेल असं सांगतो. पाच अश्वशक्तीचा पंप म्हणजे पावणेचार किलोवॅटच्या आसपास. ६० किलोवॅटचं एक यंत्र म्हणजे असे सोळा पंप एकदम सुरू झाले. आपल्या शिवारातला ६३ केव्हीएचा डीपी असतो ना, तो अख्खा एका यंत्राला लागेल. त्यामुळं स्टेशनला स्वतःचं रोहित्र, स्वतःची लाइन हवी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा नळ होतेच की घरोघरी! मागं पाणी नव्हतं. चार्जर म्हणजे नळ. तो दिसतो, त्याचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. उपकेंद्र, लाइन, दुरुस्तीला येणारा माणूस, हे मागचं पाणी. ते दिसत नाही.

आता वाढीचे आकडे बघू. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं स्पष्ट केलं, की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे. म्हणजे त्यासाठी वीज कायद्याखाली परवाना लागत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मार्गदर्शक सूचना आल्या. शहरात तीन किलोमीटर लांब-रुंद चौकोनात एक आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक स्टेशन असावं, असं त्यात म्हटलं. मार्च २०२३ मध्ये सरकारी तेल कंपन्यांना पेट्रोल पंपांवर ७,४३२ जलद चार्जिंग स्टेशनं उभारायला ८०० कोटी रुपये मंजूर झाले. ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटींची तरतूद आहे. डिसेंबर २०२४ मध्ये देशात २५,२०२ सार्वजनिक चार्जिंग स्टेशनं होती. कर्नाटक ५,७६५ घेऊन पहिलं, महाराष्ट्र ३,७२८ घेऊन दुसरा. आपल्या राज्याच्या २०२५ च्या धोरणातही महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं म्हटलंय.

वाढ झाली, यात शंका नाही. पण ती सगळीकडं सारखी झालेली नाही. आणि इथंच आमचं तर्कशास्त्र कामाला येतं.

लोक म्हणतात, चार्जर नाहीत म्हणून गाड्या घेत नाही. कंपन्या म्हणतात, गाड्या नाहीत म्हणून चार्जर लावत नाही. आपल्या न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. अ ची सिद्धी ब वर, ब ची अ वर, म्हणजे दोन्ही असिद्ध. तो दोष मानला आहे. पण त्याच परंपरेत दुसरा शब्द आहे, बीजांकुरन्याय. बीजातून अंकुर, अंकुराचं झाड, झाडातून पुन्हा बीज. इथंही एक दुसऱ्यावर अवलंबून आहे, तरी याला दोष मानत नाहीत. कारण ते एकमेकांना अडवून उभे नाहीत, एकामागून एक येतात. काळ मध्ये आला की गाठ सुटते. मग खरा प्रश्न उरतो तो हा, की आपल्या शिवारात पहिलं बी टाकायचं कुणी, आणि पीक येईपर्यंत राखण कुणी करायची?

पेट्रोलचंही असंच झालं होतं. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ या बाईंनी नवऱ्यानं बनवलेली मोटार घेऊन जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंतचा प्रवास केला, शंभर किलोमीटरच्या आसपास. सोबत दोन मुलं. वाटेत इंधन संपत आलं. पेट्रोल पंप तर जगात कुठंच नव्हता. मग त्यांनी वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन नावाचं द्रव्य घेतलं. ते तिथं कपड्यांचे डाग काढायला विकत असत. म्हणजे पहिलं बी दुसऱ्याच कोठारातून आलं. दुकान मोटारीसाठी उघडलेलंच नव्हतं, त्याचं पोट दुसऱ्या गिऱ्हाइकावर भरत होतं.

आपल्याकडं असं कोठार कोणतं? पेट्रोल पंप, महामार्गावरचं हॉटेल, एसटीचं आगार. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि १ जून २०२२ ला एसटीची ‘शिवाई’ ही इलेक्ट्रिक बस त्याच मार्गावर सुरू झाली. एसटीचं वेळापत्रक ठरलेलं असतं. त्यामुळं आगारातल्या चार्जरला गिऱ्हाईक कधी येणार हे आधीच माहीत असतं. सार्वजनिक चार्जरला ते माहीत नसतं. त्याला वाट बघावी लागते, आणि वाट बघायलाही पैसे लागतात.

किती, ते बघू. समजा अहमदपूरजवळच्या स्टेशनवर सुरुवातीला दिवसाला सहा गाड्या आल्या आणि प्रत्येकीनं वीस युनिट घेतले. १२० युनिट झाले. युनिटमागं सहा रुपये सुटले असं धरलं तर दिवसाला ७२० रुपये, वर्षाला दोन लाख त्रेसष्ट हजारांच्या आत. त्यातून रोहित्राचा खर्च, यंत्राचे हप्ते, स्थिर आकार, दुरुस्ती. गाडी आली नाही तरी हे खर्च थांबत नाहीत. मग काय होतं? कंपनी किंवा जागेचा मालक दुरुस्ती पुढं ढकलतो. यंत्र बंद पडतं. आलेला माणूस परत फिरतो आणि दहा जणांना सांगतो, त्या रस्त्यानं इलेक्ट्रिक गाडी नेऊ नका. बी टाकलेलं असतं, राखण झालेली नसते.

आता एक साधा गुणाकार करू, कारण आजच्या बोलण्याचा गाभा त्यातच आहे. पुण्याहून टेंभुर्णी, बार्शी, लातूर करत नांदेडला यायला साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतात. दोनशे किलोमीटर चालणारी लहान गाडी असेल, निघताना पूर्ण भरलेली, वाटेत ८० टक्क्यांपर्यंतच भरत आलेली, तर तीन थांबे घ्यावे लागतील. समजा प्रत्येक थांब्यावर एकच यंत्र आहे आणि ते शंभरपैकी ८० वेळा चालू असतं. ऐकायला वाईट नाही. पण तिन्ही ठिकाणी यंत्र चालू मिळण्याची शक्यता ८० टक्के नाही. ८० टक्क्यांचे ८० टक्के आणि त्याचे पुन्हा ८० टक्के, म्हणजे ५१ टक्के. निम्म्या वेळा कुठंतरी अडकणार. आता प्रत्येक थांब्यावर तशीच दोन यंत्रं ठेवा. दोन्ही एकदम बंद असण्याची शक्यता शंभरात चार. तिन्ही थांबे नीट पार पडण्याची शक्यता ८८ टक्क्यांवर जाते. यंत्र तेच, कंपनी तीच, फक्त शेजारी जोडीदार दिला. अर्थात लाइनच गेली तर दोन्ही बंद पडतील. म्हणून मघाशी मागच्या पाण्याचं बोललो.

साखळीची ताकद तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढी असते. लातुरात वीस चार्जर झाले, नांदेडला तीस झाले, आणि मधलं एकटं यंत्र बंद असलं, तर रात्री पेशंट घेऊन निघालेल्या माणसाला त्या पन्नासांचा काय उपयोग? म्हणून दर २५ किलोमीटरला एक, हा नियम कागदावर बरा दिसला तरी मला अपुरा वाटतो. दर ५० किलोमीटरला दोन चालती यंत्रं, ही दर २५ ला एका बेभरवशाच्या यंत्रापेक्षा कधीही चांगली.

नॉर्वेनं हेच केलं. तिथं २०२४ मध्ये विकलेल्या नव्या गाड्यांपैकी दहात जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. २०१५ च्या सुमाराला त्यांच्या एनोवा या सरकारी संस्थेनं मुख्य रस्त्यांवर दर ५० किलोमीटरला स्टेशन आणि प्रत्येक ठिकाणी निदान दोन जलद यंत्रं, या अटीवर मदत दिली. पण अगदी उत्तरेच्या फिनमार्क भागात वस्ती विरळ. तिथं बाजार आपोआप आला नाही, वेगळी मदत द्यावी लागली. श्रीमंत देशातही मागासलेल्या टोकापर्यंत जाळं आपोआप पोहोचत नाही. मराठवाड्याला हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक धडा आपल्याच देशातला. २०१७ च्या सुमाराला सरकारी खात्यांसाठी इलेक्ट्रिक गाड्यांची मोठी खरेदी निघाली. तेव्हा ‘भारत डीसी-००१’ नावाच्या मानकाची १५ किलोवॅटची यंत्रं बसवली गेली. जानेवारी २०२० मध्ये टाटाची नेक्सॉन ईव्ही आणि एमजीची झेडएस ईव्ही बाजारात आल्या, त्या सीसीएस-२ नावाची वेगळी गन घेऊन. जुनी यंत्रं या गाड्यांच्या कामाची राहिली नाहीत. मोजणीत मात्र ती ‘चार्जर’ म्हणूनच राहिली. आकडा खरा होता, पण त्या आकड्याचा या प्रवाशांना काहीच उपयोग नव्हता.

मग अहमदपूरकरांनी काय करायचं? इथल्या ज्या तरुणांची महामार्गालगत जागा आहे, त्यांच्याकडं आज ना उद्या कुणीतरी कागद घेऊन येईल. सही करण्याआधी चार गोष्टी विचारा. यंत्रं दोन आहेत का? रोहित्र स्वतंत्र आहे का आणि महावितरणचा वाढीव लोड कुणाच्या नावावर येणार? बंद पडल्यावर दुरुस्तीचा माणूस किती तासांत येणार, आणि हे करारात लिहिलंय का? आणि गाड्या कमी येतील त्या पहिल्या दोन-तीन वर्षांचा तोटा कुणी सोसायचा? चौथ्या प्रश्नावर समोरचा माणूस हसून विषय बदलायला लागला, तर चहा पाजून त्याला निरोप द्या.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, ऊन. २०२४ च्या केंद्रीय सूचनांमध्ये सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत चार्जिंगची वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दरानं द्यावी असं म्हटलंय. म्हणजे दुपारची वीज जवळपास निम्म्या दरात. दुपारी जेवायला थांबणारा प्रवासी आणि दुपारची स्वस्त वीज, यांची गाठ घालून देणारं हॉटेल हे पहिलं कोठार होऊ शकतं. बर्थाबाईंच्या त्या औषधाच्या दुकानासारखंच, जेवणावर त्याचं पोट भरेल आणि चार्जर हळूहळू रुजेल.

शासनाकडंही एक मागणी करायला हवी. किती स्टेशनं उभी राहिली याच्या आकड्याबरोबर त्यातली महिन्याचे किती तास चालू होती, हा आकडाही दर महिन्याला जाहीर करा. त्याला नवीन यंत्र लागत नाही. ही यंत्रं इंटरनेटला जोडलेलीच असतात, कंपनीला ते कळतच असतं. ते प्रवाशालाही कळू द्या.

भरवसा कुणी अनुदानात देत नाही. तो एकेका प्रवाशाच्या सुखरूप पोहोचण्यातून साठत जातो आणि एका रात्रीच्या अडकण्यानं रिकामा होतो. अंकुर दिसला म्हणून टाळ्या वाजवायला हरकत नाही, पण राखणीला कोण बसलंय तेही विचारत चला. आता तुमचे प्रश्न घेऊ.